मेंढरांनी तुडवलेलं जोतं

नातेपुत्याच्या बाजाराला जाताना डाव्या हाताला एक उतार लागतो. त्या उतारावर कुणी घर बांधेल असं गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, आणि मायाक्का धनगरीण तिथं घर बांधायचं म्हणते हे कळल्यावर गावाला तोंडी लावायला चांगला विषय मिळाला. सपाट जागा सगळ्या शेतकऱ्यांच्या. धनगराच्या वाट्याला आली तर अशीच जागा येणार, जिथं पेरलेलं वाहून जातं आणि बैल उभा राहत नाही. मायाक्काच्या नवऱ्याला, बिरप्पाला, ती बापाकडून आली होती. पावसाळ्यात पायथ्याशी पाल ठोकायचं आणि दिवाळी झाली की उठवायचं, एवढाच तिचा उपयोग त्या घराण्यानं केला होता.

धनगराच्या बाईनं आयुष्यभर चालायचं असतं. दिवाळी सरली की मेंढरं निघतात, संसार तट्टाच्या पाठीवर चढतो, आणि बाळंतपण वाटेवर आलं तर वाटेवर. मायाक्काची पहिली मुलगी अशीच माण नदीच्या काठी जन्मली, गारांच्या पावसात, आणि दुसऱ्या दिवशी गेली. तिला तिथंच पुरलं, खूण म्हणून वर एक दगड ठेवला. मेंढरं पुढं निघाली म्हणून मायाक्काही निघाली. पुढच्या साली त्याच वाटेनं आली तर दगड जागेवर नव्हता. नदीनं नेला की कुणी चुलीला उचलला, देव जाणे. पुढं धुळा झाला, तो जगला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं, पण तो दगड काही मायाक्काच्या मनातून गेला नाही. आता धुळ्याची बायको फुलाबाई पोटुशी होती. दिवस कार्तिकात भरायचे होते, म्हणजे नेमके मेंढरं वाटेला लागल्यावर.

"माझं नातवंड वाटंवर जन्माला यायचं न्हाय," मायाक्कानं नवऱ्याला सांगून टाकलं. "मी आन फुलाबाई हितं घर बांधून ऱ्हाणार. तुमी आन धुळा जावा मेंढरं घिऊन."

बिरप्पा वाईट माणूस नव्हता. पण लग्न झाल्यापासून तो बायकोशिवाय एकदाही वाटेला लागला नव्हता, आणि हे त्याला तोंडानं बोलता येत नव्हतं. म्हणून तो उताराबद्दल बोलला.

"तितं पाल बी सरकतंय आन तू घर बांधतीस. हस्ताचा पाऊस म्हंजी काय ठावं हाय न्हवं? त्या पावसात तुझं जोतं जाग्याव ऱ्हायलं, तर ऱ्हावा दोघी. न्हाय तर गुमान मेंढरांमागं चलायचं."

"शबुद दिला म्हना."

"दिला."

मायाक्कानं पदर खोचला आणि त्याच आठवड्यात गवंडी शोधून आणला. त्याचं नाव चनमल्लप्पा. अक्कलकोटाकडचा, घरी कानडी बोलणारा, नीरेच्या कालव्याच्या कामावर आलेला. पावसाळ्यात कालव्याचं काम मंदावलं होतं, म्हणून हा मोकळा होता. मोकळा असला तरी गप्प नव्हता. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या बंगल्यांचे पाये आपणच घातले, आपण नसतो तर ते बंगले कधीच तलावात गेले असते, असं तो पहिल्या भेटीतच सांगून मोकळा झाला. मजुरी म्हणून त्यानं एक एडका आणि एक जाड घोंगडी मागितली. मायाक्कानं घोंगडी कबूल केली, आणि एडका भिंत उभी राहिल्यावर देईन म्हणाली. माणूस बढाईखोर असला तरी त्यानं उतारावर वर-खाली फिरून टाचेनं माती उकरून पाहिली, ते तिला आवडलं.

"अक्का, हे बघ," चनमल्लप्पा म्हणाला. "मागची अर्धी खोली डोंगर खोदून करायची. तितली जमीन देवानंच घट्ट करून ठिवलीय. पुढची अर्धी यील भरावावर. तो भराव धरायला खाली दगडाची भिंत. भराव बसला तर घर मधोमध फाटंल. म्हणून सगळा जीव त्या भिंतीत आन भरावात."

मग काम सुरू झालं. भिंतीचा चर पक्का मुरूम लागेपर्यंत खोदला. धुळ्यानं पहार चालवली, मायाक्कानं पाट्या वाहिल्या, आणि दगडांना कमी नव्हती, उतारच दगडांचा होता. चुनखडी ओढ्यात मिळाली, ती भाजून भिजवली. चनमल्लप्पानं भिंत बुडाशी रुंद धरली आणि वर येता येता डोंगराकडं रेलती ठेवली. अधूनमधून लांब दगड आडवे घालून त्यांची शेपटं मागं भरावात सोडली. जिथं दार यायचं तिथं पायरीसाठी एक लांबोडका दगड भिंतीबाहेर काढून ठेवला. खालच्या अंगाला पाणी निघून जायला मुठीएवढी भोकं ठेवली. भिंत कमरेच्या वर आली तेव्हा तो भरावाकडं वळला.

"आता मुरूम वीतभर पसरायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मस मारून ठोकायचा. मग वर दुसरा थर. कालव्यावर धुम्मस मारून मारून गड्यांचे खांदे उतरतेत."

"धुम्मस कशाला?" मायाक्का म्हणाली. "आमच्याकडं खूर हायती की."

चनमल्लप्पा हसला. पण दुसऱ्या दिवशी धुळ्यानं मेंढरांचं सगळं खांड त्या ओल्या मुरमावरून उभं-आडवं फिरवलं. मेंढराचा पाय लहान, भार त्या लहान पायावर सगळा, आणि अशी शेकडो खुरं. गवंड्यानं उतरून टाच रोवून पाहिली तर टाच रुतेना. त्यानं पायानं पुन्हा दाबलं, मग मान हलवली आणि म्हणाला, "इल्ला, न्हाई अक्का, हे काम आपल्याला आधी सुचायला पायजे होतं." त्याच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळच होतं. मायाक्का त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फुशारकीत होती.

श्रावण लागला आणि चनमल्लप्पा सणाला गावी गेला. जाताना बजावून गेला की मुरूम, पाणी, खूर, बाकी काही नको. पण धनगर तो धनगर. दिवसभर चरून मेंढरं संध्याकाळी दमून यायची, त्यांना उतारावर चढवायचं, तुडवून घ्यायचं आणि परत खाली वाघरीच्या जाळ्यात आणून बसवायचं, हा एक खटाटोपच होता. आणि जिथं मेंढरं रात्रीची बसतात ती जमीन पिकते, हे धनगराला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. त्यासाठी तर शेतकरी धान्य देऊन मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात. दुसऱ्यांच्या रानाचं आयुष्यभर भलं केलं, मग आपल्याच नातवंडाच्या घराखाली ती बरकत का नको, असं मायाक्काच्या मनात आलं. तिनं वाघर उचलून भरावावरच लावली. मेंढरं रोज तिथं बसायला लागली. सकाळी उठली की लेंड्यांवर नवा मुरूम पसरायचा आणि संध्याकाळी पुन्हा मेंढरं. श्रावण सरेपर्यंत भराव भिंतीच्या डोक्याला लागला. मायाक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायची.

भाद्रपदात उत्तराचा पाऊस पडला. फार नाही, पण दोन दिवस चांगला झोडपला. भिंतीच्या भोकांतून आधी काळं पाणी आलं, मग तेही थांबलं. तिसऱ्या दिवशी मायाक्का पाहते तो भिंत मधोमध पुढं आलेली, गाभण मेंढीच्या पोटासारखी.

बिरप्पानं ती पाहिली. तो पालाकडं गेला आणि तट्टू बांधायची लोखंडी मेख घेऊन आला. भरावाच्या मधोमध उभं राहून त्यानं ती टेकवली आणि वर पाय दिला. मेख लोण्यात जावी तशी डोक्यापर्यंत आत गेली.

"ह्याच्यावर घर बांधतीस?" तो म्हणाला.

तो हसला नाही. हसला असता तर मायाक्काला भांडता तरी आलं असतं. तो मेख तिथंच सोडून मेंढरांकडं निघून गेला, आणि फुलाबाई पालाच्या दारात पोटावर हात ठेवून उभी होती, तिनं खाली मान घातली.

योगायोग असा की त्याच दुपारी चनमल्लप्पा गावाहून परतला. मायाक्कानं सगळा राग त्याच्यावर काढला. सोलापूरचे बंगले उभे आहेत का तेही एकदा बघून ये म्हणाली. चनमल्लप्पाही ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता.

"माझा दगड चुकला न्हाई," तो कडाडला. "माझ्या दगडाला मागनं कुणीतरी ढकललंय. आत काय घातलंय ते बघ आधी."

मायाक्का तणतणत भरावावर गेली आणि खाली वाकून तिनं मेख उपटली. ती हाताला कोमट लागली. पावसानं गारठलेल्या जमिनीतून निघालेलं लोखंड कोमट. तिनं ते नाकाशी नेलं. मग तिथंच मातीत बसली.

कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लेंडी दाबून ठेवली की आत तापते, फुगते, पाण्याचा थेंब सोडत नाही. शेतकऱ्याला ती त्याच गुणासाठी हवी असते. तो गुण तिनं आपल्या हातांनी, मोठ्या प्रेमानं, घराखाली थरावर थर घालून ठेवला होता. मायाक्काला इतकी लाज वाटली की क्षणभर तिला वाटलं, पाल उठवावं आणि आजच वाटेला लागावं. पण तिला ती नदी आठवली, आणि ती उठली.

"मेस्त्री, दगडाचं काय बी चुकलं न्हाय," ती चनमल्लप्पाला म्हणाली. "चूक माजी हाय. मेंढरं हितं बसिवली मी. त्या खतानं भोकं बी बुजली आन भिंत बी ढकलली."

चनमल्लप्पानं मेखेला चिकटलेलं खत बोटांत चोळून पाहिलं. मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "शेत फुगलं तर चांगलं, अक्का. जोतं फुगून चालत न्हाई. हे सगळं उपसायचं. पण हस्त तोंडावर आलाय. आपण चार माणसं हे कधी उपसणार?"

"चार कशाला?" मायाक्का म्हणाली, आणि मेख हातात तशीच घेऊन उतार उतरून गेली.

खालचं रान रावजीचं होतं. उतारावरच्या घराला सगळ्यात जास्त हसणारा हाच. तो बांधावर उभा राहून ज्वारीच्या पेरणीसाठी रान बघत होता.

"रावजीबापू, खत पायजे का?" मायाक्कानं विचारलं. "मेंढराचं. पावसात मुरल्यालं. फुकाट."

रावजीनं तिच्याकडं आणि तिच्या हातातल्या मेखेकडं संशयानं पाहिलं. "धनगरीण फुकाट कवापासनं द्याया लागली?"

"आजपासनं. फकस्त येक हाय. खत तुमीच उकरून न्यायचं. आन त्या बदली माळावरचा मुरूम भरून गाडी पायथ्याला आणायची, पाट्यांनी वर चढवायचा. जेवढं खत खाली, तेवढा मुरूम वर."

रावजीनं हनुवटी खाजवली. मेंढराचं मुरलेलं खत, तेही पेरणीच्या तोंडावर. असलं काही कानावर पडल्यावर शेतकऱ्याला झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन आला, त्याच्या मागं त्याचा भाऊबंद आला, आणि बातमी फुटल्यावर निम्मी भावकी पायथ्याशी गाड्या सोडून पाट्या घेऊन चढायला लागली. ज्यांनी सगळा पावसाळा ह्या घराची टिंगल केली होती, ते सगळे त्याच घराचा पाया आपल्या हातांनी दुरुस्त करत होते, आणि वर आणखी एक पाटी जास्त मिळावी म्हणून आपसांत भांडत होते. मायाक्का वर उभी राहून मुरमात माती तर येत नाही ना, एवढंच बघत होती. लेंड्यांनी भरलेला थर संपला आणि खालचा चांगला तुडवलेला थर उघडा पडला, तिथं तिनं उकरणं थांबवलं.

चनमल्लप्पानं भिंतीचा फुगलेला भाग उतरवला आणि पुन्हा बांधला. भोकं गजानं साफ केली आणि भिंतीच्या मागं हातभर रुंदीचा दगडगोट्यांचा पट्टा भरत आणला, म्हणजे पाणी त्यातून खाली उतरेल आणि भोकांपर्यंत मोकळं जाईल. त्याच्या पलीकडं मुरूम. आणि मुरमावर पुन्हा मेंढरंच.

पण आता मायाक्कानं नियम घातला होता. मेंढरू सकाळी उठल्या उठल्या पोट मोकळं करतं, हे धनगराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून आधी पायथ्याच्या वाघरीत सगळं खांड उठवून मोकळं होऊ द्यायचं, मग वर चढवायचं, तुडवून घ्यायचं आणि लगेच चरायला हाकायचं. तरी पडायच्या त्या लेंड्या पडायच्याच. त्यासाठी फुलाबाई जड पोट सांभाळत खराटा घेऊन उभी असायची आणि मेंढरं उतरली की एकूण एक लेंडी झाडून काढायची.

"आत्याबाई, मेंढरामागं खराटा घिऊन फिरणारी म्या पयलीच धनगरीण आसंल," ती एकदा म्हणाली.

"फिर की. तुज्याच लेकराच्या पायाखालचं झाडतीस," मायाक्का म्हणाली, आणि तिच्या हातातला खराटा काढून घेऊन तिला सावलीला बसवलं.

बिरप्पा रोज मेंढरं वर चढवायला मदत करायचा, पण जोत्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. शब्द दिलेला माणूस होता तो. हस्ताची वाट बघत होता.

हस्त आला तो गडगडाट करतच आला. ओढा दोन्ही काठ सोडून वाहिला, रावजीच्या रानाचा एक बांध फुटला, आणि पायथ्याच्या पालात पाणी शिरलं. पाऊस थांबला त्या सकाळी सगळे बाहेर आले. भिंत जशीच्या तशी उभी होती. प्रत्येक भोकातून पाण्याची एकेक धार पडत होती, आणि पाणी नितळ होतं. चनमल्लप्पा समोरच्या धोंड्यावर मिळालेली घोंगडी पांघरून असा बसला होता, जणू पाऊसही त्यानंच पाडला होता.

बिरप्पा मेख आणि एक दगड घेऊन वर गेला. बाकीचे खालीच थांबले. त्यानं मागच्याच जागी मेख टेकवून पाय दिला. मेख हलली नाही. मग त्यानं दगडानं घाव घातला. मेखेचं टोक बोटभर शिरलं आणि थांबलं. त्यानं जागा बदलली, भिंतीच्या अगदी जवळ जाऊन मारलं, दाराच्या जागी मारलं. दगडाचे टवके उडाले, मेखेचं डोकं चपटं झालं, पण ती काही आत गेली नाही. मायाक्काला प्रत्येक घाव छातीत लागत होता, आणि तरी तिला वाटत होतं की त्यानं अजून मारावेत.

शेवटी बिरप्पा मेख हातात घेऊन खाली आला.

"येडका दिऊन टाक मेस्त्रीला," एवढंच तो म्हणाला.

जोत्यावर घराच्या भिंती त्या साली कमरेएवढ्याच झाल्या, त्यांवर गवताचं छप्पर पडलं. मातीचं पक्कं माळवद पुढच्या साली घालू म्हणून चनमल्लप्पा एडक्याला ओढत कालव्यावर परत गेला. दिवाळी झाली आणि मेंढरं निघायचा दिवस आला. धुळ्यानं खांड पुढं काढलं. बिरप्पा मागं राहिला होता. मायाक्का बाहेर आली तर तट्टू पायरीच्या लांबोडक्या दगडाला बांधलेलं, आणि त्याच्या पाठीवरचं ओझं बिरप्पाच्या खांद्यावर.

"अवं, तट्टू इसारलं की."

"इसारलं न्हाय. ऱ्हाऊ दे हितं. पोरीला अडी-नडीला वैद्याकडं न्यायला लागलं म्हंजी? तू काय खांद्यावर नेणार हायस?"

"आन तुमच्या संसाराचं वझं?"

"आमा दोघांचा कसला संसार. दोन घोंगड्या आन तवा." त्यानं ओझं सारखं केलं. जायला वळला, पण गेला नाही. "माणच्या काठानं जातो औंदा बी. तो दगड बघतो."

मायाक्कानं त्याच्याकडं पाहिलं. त्या दगडाबद्दल ती आजवर कधीच त्याच्यापाशी बोलली नव्हती.

"दरसाली बघतो मी," बिरप्पा म्हणाला. "मेंढरं पाजायच्या निमतानं. न्हाय सापडत."

तो उतार उतरून गेला. मायाक्का डोळ्यांना पदर लावून उभी राहिली, आणि मेंढरांच्या घंटांचा आवाज बाजारच्या वाटेला लागला तरी तिला आत जावंसं वाटेना. तिनं तट्टाच्या मानेवर हात फिरवला. एका रात्रीच्या मुक्कामाला धनगर जी गाठ मारतो ती एका झटक्यात सुटते. बिरप्पानं ही दुहेरी फिरवून, ओढून घट्ट मारलेली होती.

कार्तिकात फुलाबाईला मुलगी झाली. बाहेर थंडी पडली होती, चूल पेटलेली होती, आणि रावजीची बायको सारजाबाई सुईणीच्या जोडीला होती. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मायाक्का बाळाजवळून उठलीच नाही. तिसरा दिवस उजाडला तेव्हा पोर सगळ्या उताराला ऐकू जाईल एवढं रडलं. पाचव्या दिवशी मायाक्कानं जोत्याची जमीन शेणानं सारवली, नीट मधोमध पाटा मांडला आणि नातीची पाचवी पुजली.